सब घोडे बारा टक्के

आधी बायकोचं एक वाक्य सांगून टाकतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. "एवढा घोडा झालास तरी घोड्यांची कार्टून बघतोस." हे मी २०११ पासून ऐकतोय आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं, कारण मराठीतला हा टोमणा खास माझ्यासाठीच कुणीतरी घडवून ठेवलाय असं वाटतं.

तर हो, मी 'माय लिटल पोनी' बघायचो. मुलीच्या निमित्ताने नाही, ती बघायला लागायच्या आधीपासून. हॅस्ब्रोची ती प्लॅस्टिकची रंगीत घोडी ऐंशीच्या दशकापासून विकली जातायत, पण १० ऑक्टोबर २०१० ला हब नावाच्या चॅनेलवर लॉरेन फॉस्टने नव्याने उभी केलेली मालिका सुरू झाली, छोट्या मुलींसाठी, आणि बघायला लागले कोण तर दाढीमिशीवाले बाप्ये. फोरचॅन नावाच्या इंटरनेट फोरमच्या कार्टूनवाल्या बोर्डावर आधी चेष्टाच चालली होती, मग चेष्टा करता करता लोकं अडकली. ब्रो अधिक पोनी म्हणून ब्रोनी. मला ऑफिसमधल्या एकाने थंडीत बर्फामुळे घरी अडकलो होतो तेव्हा लिंक पाठवली, म्हटलं एक एपिसोड बघून ह्याची खेचू, आणि रात्री दोनला मी पहिल्या सीझनच्या मध्यावर होतो. असो.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगतो कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. ह्या जगात प्रत्येक घोड्याच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांडीवर, एक चित्र असतं, क्यूटी मार्क. लहानपणी पुठ्ठा कोरा असतो. मग एक दिवस आपल्यात काय आहे ते त्या पिल्लाला सापडतं आणि चित्र आपोआप उठतं. कुणाला सफरचंदं, कुणाला फुगे, कुणाला फुलपाखरं. मार्क उठणं म्हणजे तिकडे मुंजीसारखा समारंभ असतो आणि ज्यांना उठला नाही त्यांची शाळेत टर उडवतात.

आता ४ एप्रिल २०१५, शनिवार. पाचव्या सीझनचा पहिला जोडएपिसोड. आम्ही तेव्हा मेरीलँडमध्ये, बाल्टिमोरपासून अर्ध्या तासावर राहायचो, मुलगी मनू सहा वर्षांची, आणि मार्चच्या शेवटी माझे वडील सहा महिन्यांसाठी आले होते. अण्णा. सातारा जिल्हा, सहकारी साखर कारखान्यात शेती खात्यात चौतीस वर्षं नोकरी, रिटायर झाल्यावर थोडी शेती. इंग्रजी वाचता येतं पण अमेरिकन बोलणं कळत नाही, त्यातून कार्टूनमधल्या किनऱ्या आवाजातलं तर अजिबातच नाही. त्यामुळे सोफ्यावर ते मध्ये, मनू एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, आणि मी लाइव्ह भाषांतर करतोय असा सीन.

गोष्ट अशी की सहा मैत्रिणी नकाशा बघून एका आडगावात जातात. रेताड माळ, त्यात घरांच्या दोन रांगा समोरासमोर, सगळी घरं अगदी सेम. अण्णा लगेच म्हणाले, "आमच्या कारखान्याची कॉलनी."

गावातले सगळे घोडे हसतायत. म्हणजे दात दिसतायत, गाल वर आहेत, पण डोळे नाही हसत. आणि प्रत्येकाच्या पुठ्ठ्यावर चित्राऐवजी दोन आडव्या रेघा, बरोबरचं चिन्ह. स्टारलाइट ग्लिमर नावाची एक गोड बोलणारी बाई गाव चालवते. तिच्याकडे एक काठी आहे, त्या काठीने ती प्रत्येकाचा मार्क काढून घेते, तो गुहेत काचेमागे जपून ठेवते आणि पुठ्ठ्यावर = उठवते. मग कुणी कुणापेक्षा भारी नाही, म्हणून भांडण नाही, म्हणून सगळे मित्र. गावात बेकरी आहे, बेकरीवालीचा मार्कही काढलेला, त्यामुळे तिचे मफिन इतके भिकार की खाणाऱ्याचं तोंड वाकडं होतं आणि तरी गाव ते हसत हसत खातं. मनूला ह्या मफिनचा इतका राग आला की तिने तिच्या हातातला केळ्याचा तुकडा खाली ठेवला. "पण ते वाईट आहे असं ती का नाही सांगत कुणाला?" पुढचे दोन दिवस ती ह्याच प्रश्नावर होती.

आणि मी अडकलो गाण्यात. गावकरी गाणं म्हणत रस्त्यावरून चालत येतात आणि त्यात इक्वॉलिटी आणि सेम हे दोन शब्द असे एकमेकांच्या हातात हात घालून फिरतात की कुठला कुठे संपतो कळत नाही. अण्णांनी विचारलं, काय म्हणतायत रे? मी बोलून गेलो, "समता म्हणतायत. गावात समता आहे."

अण्णा काही बोलले नाहीत. पण त्यांची एक सवय आहे, पटलं नाही की ते चष्मा काढून धोतराच्या, आता इथे पँट असल्यामुळे शर्टाच्या, टोकाने पुसतात. तो पुसायला लागले.

मग अचानक वेगळाच प्रश्न. "तो पहिला डाग कोण देतं म्हणालास?" डाग हा त्यांचा शब्द, बैलाला तापलेल्या लोखंडाने देतात तो. मी म्हटलं कुणी देत नाही अण्णा, आपोआप उठतो. "आणि उठला की जन्मभर तेच काम?" म्हटलं, हो, म्हणजे तसंच काहीतरी. "मग ही बलुतेदारीच झाली की रे. ही बाई ती मोडायला निघालीय, तर तिचं चुकतंय काय?"

आता मला सांगा, ह्याला काय उत्तर द्यायचं. मी चार वर्षं फॅन, मला मार्क म्हणजे आपला गुण, आपली ओळख, असलं काहीतरी गोग्गोड वाटत आलेलं, आणि साताऱ्याहून आलेला माणूस पंधरा मिनिटांत बारा बलुतेदारांवर पोचला. मी म्हटलं बापाचं पोराला मिळत नाही अण्णा, ती गुलाबी बघा, तिच्या घरचे दगडांची शेती करतात (हो, खरंच, दगडांची शेती) आणि तिच्या पुठ्ठ्यावर फुगे आहेत. तेवढ्यात मनूने आजोबांना प्रामाणिकपणे सांगून टाकलं की त्या सहाजणींतल्या अ‍ॅपलजॅकच्या घरात मात्र सगळ्यांना सफरचंदाचंच काहीतरी असतं, भावाला पण, आजीला तर अ‍ॅपल पाय, खायचा. "बघ," अण्णा म्हणाले, "घराण्यात चालतंय."

दुसऱ्या भागात सहाही जणींचे मार्क काढून त्यांना एका घरात कोंडतात. रंगसुद्धा फिके पडतात त्यांचे. आणि रात्रभर कर्ण्यावरून स्टारलाइटचा आवाज, सारखेपणात शांती आहे, आपल्या खास गुणाचा नाद सोडा, असं घोळून घोळून. लहान मुलांच्या कार्टूनमध्ये हे चाललंय हे मला खरं वाटेना, मी मान वळवून मनू घाबरली का बघितलं, ती मफिनचा विचार करत होती.

मग भांडं फुटतं. स्टारलाइटच्या अंगावर पाणी पडतं आणि पुठ्ठ्यावरचं = वाहून जातं. रंग लावलेला होता. खाली तिचा स्वतःचा मार्क जसाच्या तसा. आणि ती काठी? वाळवंटात सापडलेलं साधं लाकूड, बाकी सगळी जादू हिचीच, मार्क शाबूत ठेवल्यामुळे टिकलेली.

अण्णा सोफ्यावर पुढे सरकले आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "चेअरमन!"

मला अर्धं मिनिट कळलंच नाही. मग ते असे सुटले की पुढचा भाग आम्हाला पॉज करावा लागला. सहकारात शेअर कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच, कागदावर हजारो सभासद सगळे एका रांगेत. वार्षिक सभेत स्टेजवरून 'इथे कुणी लहान नाही कुणी मोठा नाही' हे भाषण अण्णांनी चौतीस वेळा ऐकलंय. ऊसतोडीचा प्रोग्रॅम लागणीच्या नोंदीच्या तारखेप्रमाणे, ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, नियम सरसकट. आणि दर हंगामात नोंदवही अण्णांच्या टेबलावर असताना टोळी मात्र आधी जायची ती ठरलेल्या आठ-दहा फडांवर, चिटबॉय, म्हणजे फडावरचा कारखान्याचा माणूस, येऊन खाली मान घालून सांगायचा की साहेब वरून आलंय. बाकीच्यांचा ऊस उभ्या उभ्या वाळून वजन घटवत बसायचा. शेतकरी येऊन अण्णांना शिव्या घालायचे आणि अण्णा त्यांना नोंदवही दाखवायचे, हे बघा, तुमचा नंबर बरोबर आहे. "नंबर बरोबरच असायचा," अण्णा म्हणाले. "वरून रंग बरोबरचाच."

आणि मग मला म्हणाले, "तू मघाशी समता म्हणालास, ते खोड. हे सरसकट आहे."

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी नेहमीप्रमाणे ऑनलाइन गेलो, म्हटलं बघू तरी आपली जनता काय म्हणतेय, आणि जनता पेटलेली होती. निम्मी लोकं खूश, की एवढा काळा एपिसोड ह्या मालिकेत पहिल्यांदाच आला, राक्षस नाही, अंधाराची राणी नाही, नुसती गोड बोलणारी बाई आणि तीच सगळ्यात भीतीदायक. बरेचजण म्हणत होते हा सरळ सोव्हिएत रशिया आहे, कर्णे, एकसारखी घरं, हसरे चेहरे, माओ, स्टालिन, जे तोंडाला येईल ते. त्यांना खोडायला दुसरे, की कम्युनिझम कुठला, इथे मालमत्तेचा विषयच नाही, हा पंथ आहे, बुवाबाजी आहे, घरदार सोडून माळावर राहणारं कल्ट. ह्या दोन पार्ट्या पुढे कितीतरी दिवस एकमेकांच्या उरावर बसल्या होत्या.

पण मला खरा अस्वस्थ वाटला तो तिसरा गट. तो काळ आठवा, अमेरिकेत समलिंगी विवाहाचा खटला सुप्रीम कोर्टात होता, निकाल आला जूनच्या २६ तारखेला, आणि दोनच वर्षांपूर्वी, मार्च २०१३ मध्ये, लाल चौकोनातलं ते बरोबरचं चिन्ह फेसबुकवर अक्षरशः लाखो लोकांनी स्वतःच्या फोटोच्या जागी लावलं होतं. ब्रोनी मंडळींत गे मुलं भरपूर. त्यातल्या काहींनी लिहिलं होतं की अरे आमच्या हक्काचं चिन्ह तुम्ही दुष्ट बाईच्या गावात सगळ्यांच्या ढुंगणावर छापलंत, मुलं ह्यातून काय शिकतील, की इक्वॉलिटी मागणारे लबाड असतात? आणि त्यांना उत्तर देणारे शहाणपणाने सांगत होते की एपिसोड इक्वॉलिटीच्या विरोधात नाही, सेमनेसच्या विरोधात आहे, आणि पहिले म्हणत होते मग गाण्यात दोन्ही शब्द का आहेत.

बरोबरच आहे, का आहेत? कारण स्टारलाइटला तेच हवंय. तिचा सगळा धंदा त्या दोन शब्दांची गल्लत होण्यावर चाललाय. मी सकाळी नेमका त्यातच फसलो होतो, तिने जो शब्द पुढे केला तो मी जसाच्या तसा मराठीत आणला, आणि आणला तोही कुठला तर समता, जो आमच्याकडे असा सहज उचलून घोड्याच्या पुठ्ठ्यावर लावायचा शब्द नाहीये. बाबासाहेबांनी १९२८ साली काढलेल्या पत्राचं नाव आहे ते. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी अण्णांना म्हटलं की तुमचं बरोबर होतं, तर ते बिस्किट बुडवता बुडवता म्हणाले, "महाडला तळ्याचं पाणी सगळ्यांना पाहिजे होतं. तहान सगळ्यांची सारखी करा असं कुणी म्हणालेलं नव्हतं." आणि बिस्किट चहात पडलं, ते चमच्याने काढण्यात विषय संपला.

बलुतेदारीचा मुद्दा मात्र माझ्या डोक्यातून जाईना, आणि गंमत म्हणजे फॅन लोकांत पण तो होताच, त्यांच्या भाषेत. स्टारलाइटचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं असं मानणारे बरेच भेटले, मार्क म्हणजे नशिबाचा शिक्का, त्याच्याबाहेर जायची सोय काय, असं विचारणारे. बहुतेक मालिका लिहिणाऱ्यांनाही ते बोचत असावं, कारण त्याच सीझनमध्ये ट्रबलशूज नावाचा एक अवाढव्य घोडा आला, पुठ्ठ्यावर उलटा नाल, आयुष्यभर धरून बसलेला की आपला मार्क म्हणजे पनवती. त्याचा अर्थच चुकीचा लावला गेला होता, तो जन्मजात विदूषक निघाला, धडपडणं हाच त्याचा गुण. मी अण्णांना तो एपिसोड मुद्दाम दाखवला. त्यांचं मत: "डाग तोच ठेवला, अर्थ बदलला. ठीक आहे. निदान कुणी विचारलं तरी."

आता ऑगस्ट. बाल्टिमोरच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये ब्रोनीकॉन, म्हणजे ब्रोनी लोकांचं संमेलन, ७ ते ९ तारीख. त्या वर्षी १० हजारांच्या वर लोकं आली होती. बायको म्हणाली मी येणार नाही, मनू म्हणाली आजोबा आले तरच. मग आम्ही तिघं लाइट रेलने. बाहेर अंग भाजतंय पण आत एसी मारून ठेवतात म्हणून अण्णांनी पांढरा शर्ट-पायजमा, वर हाफ स्वेटर आणि डोक्यावर टोपी, पांढरी, आपली नेहमीची. आत पाऊल टाकलं आणि चहूकडे शेपट्या, पंख, कपाळावर शिंगं, इंद्रधनुष्याचे केस. सहा फुटी, पोट सुटलेला, दाढीवाला माणूस पिवळे पंख लावून मालिकेतली फ्लटरशाय झालेला. अण्णा दारातच थांबले, सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "पुसेगावच्या जत्रेत बैलांची शिंगं रंगवतात. इथे माणसांनीच रंगवलीत."

पण पुढे जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो फ्लटरशाय आमच्याकडे आला, अण्णांकडे अगदी आदराने बघितलं आणि मला विचारलं की ह्यांनी कुठल्या पोनीचा कॉस्च्युम केलाय, फारच मस्त आहे. मी भाषांतर केलं. अण्णांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "सांग त्याला, शेती खातं." मी सांगितलं. तो म्हणाला ऑसम, आणि त्याने अण्णांबरोबर फोटो काढला. त्या फोटोत अण्णा ताठ उभे आहेत, पासपोर्टचा फोटो असावा तसे, आणि त्यांच्या डोक्यावर पिवळ्या पंखाचं टोक आलंय.

स्टारलाइट तर ढिगाने होत्या. आणि स्टॉलवर = चे टी-शर्ट, = चे बिल्ले, गालावर चिकटवायचे = चे स्टिकर. एका कोपऱ्यात वीसेक जण एकसारखे = लावून रांगेत उभे राहून तसेच डोळे न हसवता दात दाखवत फोटो काढत होते, गंमत म्हणून, आणि मला खरंच हसू आलं. कारण हीच पोरं ऑनलाइन लिहायची की शाळेत आम्हाला सगळ्यांसारखं व्हा म्हणून किती छळलं, त्या गावातलं प्रत्येक घर आम्ही ओळखतो. ते खोटं नाही. मुलींचं कार्टून आवडतं म्हटल्यावर अमेरिकन शाळेत सोळा वर्षांच्या मुलाचं काय होतं हे मी ऐकलंय. पण ह्यांच्यातही नियम होतेच ना. खरा ब्रोनी कोण, कुठली पोनी आवडली तर चालते, लॉरेन फॉस्टने मालिका सोडल्यानंतरचे सीझन आवडतात म्हटलं की कसं बघायचं. मी एकदा लिहिलं होतं की मला गाणी पुढे ढकलावीशी वाटतात, तर तीन दिवस मला लोकं समजावत होती. मनूने गालावर = चं स्टिकर लावून घेतलं नाही. तिला बेकरीवाली शुगर बेलचं काहीतरी हवं होतं आणि शुगर बेलचं तिथे काहीच नव्हतं. शेवटी एका आर्टिस्टने कागदावर पटकन एक मफिन काढून दिलं, पाच डॉलर. ते अजून फ्रीजवर आहे, रंग उडालाय.

सप्टेंबरमध्ये अण्णा परत गेले. २८ नोव्हेंबरला सीझनचा शेवट आला, स्टारलाइट परत. आणि आता तिची पूर्वकथा, की लहानपणी तिचा एकच मित्र, त्याला मार्क उठला, तो मोठ्या शाळेत निघून गेला आणि हिचा कोराच राहिला, त्या रागातून पुढचं सगळं. ह्यावरून फॅन लोकांत जी जुंपली तिच्यापुढे एप्रिलची भांडणं म्हणजे काहीच नाही. मित्र गाव सोडून गेला म्हणून अख्ख्या गावाचे पुठ्ठे पुसायचे? माझंही तेच मत होतं आणि आहे, कारण ह्यापेक्षा एप्रिलमधली, काही कारण न देता गोड बोलणारी बाई जास्त खरी होती. पण मनूला ते पटलं, तिची मैत्रीण त्याच वर्षी टेक्सासला गेली होती.

रविवारी सकाळी फोनवर मी अण्णांना सगळं रीतसर सांगितलं. तिकडे संध्याकाळ, हंगाम सुरू झालेला, मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. शेवट ऐकून ते म्हणाले, मग काय शिक्षा झाली तिला? मी म्हटलं शिक्षा नाही झाली अण्णा, तिला माफ केलं आणि त्या सहाजणींतल्या राजकन्येने स्वतःच्या वाड्यात ठेवून घेतलं, शिष्य म्हणून.

पलीकडे जरा शांतता. ट्रॅक्टर लांब गेला.

"म्हणजे तज्ज्ञ संचालक म्हणून घेतली म्हण की," अण्णा म्हणाले, आणि मनूला फोन दे म्हणाले.